वैद्यनाथाच्या डोंगरावरचा काटेचेंडू

परळीचा वैजनाथ म्हणजे वैद्यांचा नाथ. देवांनी धन्वंतरी आणि अमृत इथल्या लिंगात दडवून ठेवले, अशी कथा परळीत सांगितली जाते. तेव्हा इथल्या डोंगरावरचे प्रत्येक झुडूप औषधी आहे, असे आसपासच्या लोकांना वाटले तर नवल नाही. पण औषध म्हणून उपटायचे ते झाड नेमके कोणते, हे आधी ओळखता यायला हवे. उटकटारीच्या बाबतीत तर फारच!

उटकटारी, म्हणजेच काटेचेंडू, हे अ‍ॅस्टरच्या कुळातले अस्सल देशी रानफूल. हारातला अ‍ॅस्टर मूळचा चीनचा. हा मात्र आपल्या मातीतला. झेंडू, शेवंती, सूर्यफूल हे सारे याचे भाऊबंद, आणि ज्वारीच्या कडेने काटेरी कुंपण म्हणून पेरतात ती करडई तर अगदी जवळची बहीण. एरवी कोरडवाहू शेतातल्या करडईकडे पाहून कुणाला अ‍ॅस्टर आठवेल?

परळी वसली आहे बालाघाटच्या कुशीत. ही डोंगररांग सह्याद्रीसारखी उंच नाही आणि पाऊसही बेताचाच. बीड जिल्ह्याची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. काळा बसाल्ट, त्यावर मुरमाचा पातळ थर, मधूनमधून गवत. पावसाळ्यात हिरवा दिसणारा उतार दिवाळीनंतर पिवळा पडू लागतो. बाकीची रोपे माना टाकतात, तेव्हा उटकटारी फुलावर येते. हिवाळ्यात या माळांवरून हिंडताना मला लांबूनच तिचे पांढुरके गोळे दिसतात.

सूर्यफुलात शेकडो बारीक फुले एका तबकात दाटीने बसलेली असतात, हे शाळेत आपण शिकलो. उटकटारीची तऱ्हा निराळी. तिच्या प्रत्येक इवल्या फुलाला स्वतःचे स्वतंत्र वेष्टन असते आणि अशी अनेक एकांड्या फुलांची घरे मिळून एक चेंडू होतो. त्यातून लांब काटे बाहेर डोकावतात. शास्त्रज्ञांनी हिला 'एकिनॉप्स' म्हटले, ते ग्रीक भाषेतल्या काटेरी जाहकावरून. 'एकिनॉप्स एकिनॅटस' हे पूर्ण नाव विल्यम रॉक्सबर्ग यांचे. १८३२ साली छापलेल्या त्यांच्या ग्रंथात ते आहे. सह्याद्रीच्या गडांवर दिसणारा मोठा काटेचेंडू मात्र वेगळा. तो 'एकिनॉप्स सह्याद्रिकस'. म्हणून झाड पाहताना ते कोणत्या डोंगरावर, कशा जमिनीत उभे आहे, हेही पाहावे लागते.

चेंडू धरल्यावर ओळख सोपी असते. अडचण त्याआधीची. नुसती पाने असताना उटकटारी आणि पिवळा धोतरा यांत गफलत होऊ शकते. दोघांची पाने कातरलेली, काटेरी, पांढुरकी. पण धोतरा अमेरिकेतून आलेला पाहुणा आहे, खसखशीच्या कुळातला, आणि विषारी. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली, तेव्हा साठांहून अधिक माणसे दगावली. इकडे उटकटारीचे मूळ गावठी औषधांत वापरतात. म्हणजे ओळख चुकली तर औषधाच्या जागी विष पोटात जायचे!

ओळखण्याची खूण साधी आहे. जपून, कापड गुंडाळून पान मोडा. पिवळा चीक आला तर तो धोतरा. उटकटारीला तसा चीक नसतो. मग पान उलटे करा. उटकटारीच्या पानाखाली कापसासारखी पांढरी लव असते, खोडावरही असते. धोतऱ्याचे पान गुळगुळीत, शिरांवर पांढरे पट्टे. फूल आले की प्रश्नच मिटतो. धोतऱ्याचे फूल मोठ्या पिवळ्या पाकळ्यांचे असते. आणि एवढे करूनही, ओळख पटली म्हणून कुठलेही मूळ वैद्याला विचारल्याशिवाय पोटात घेऊ नये, हे सांगायला हवेच.

ही ओळख आजवर टिकली ती गुराख्यांच्या आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ काढला, पण आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे इलाख्याबाहेर. मराठवाड्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ डॉ. वि. ना. नाईक यांनी सिद्ध केला, तो १९९८ मध्ये. पुस्तकात नाव आले हे खरे. पण माळावर उभे राहून 'ही उटकटारी, हा धोतरा' असे बोट दाखवणारे माणूस घराघरातून कमी होत आहे. मुरमासाठी उतार खणले जातात, वाळल्या गवताला आग लावली जाते, आणि त्यात उटकटारीही जाते. तिची कुणी दखल घेत नाही, कारण ती 'नुसती काटेरी'.

यंदा पौषात-माघात दर्शनाला आलात, तर पायऱ्या उतरल्यावर मुलांना घेऊन तासभर आसपासच्या माळावर जा. चेंडू सापडला तर तोडू नका. त्यावर येणाऱ्या मधमाश्या मुलांना मोजू द्या, पान उलटून पाहू द्या. आणि घरी आजी असेल, तर तिच्याकडे या झाडाला काय म्हणतात, ते विचारून वहीत लिहून ठेवा.