खुर्चीवर बसल्या दोईबाई!

समजा, तुमची आई जपानी. तुमचा जन्म जपानमधला, शाळाही तिथलीच. मग तुम्ही कोण? जपानी! एवढं सोपं वाटतं ना? पण १९८४ पर्यंत जपानचा कायदा आधी विचारायचा, “वडील कुठले?” वडील दुसऱ्या देशाचे असले, तर मूल जपानी धरत नसत.

ओकिनावा बेटावर अमेरिकेचे मोठमोठे लष्करी तळ आहेत. तिथल्या काही मुलांची तर भलतीच पंचाईत झाली. वडील अमेरिकी, म्हणून जपान आपलं म्हणेना. आणि वडील अमेरिकेत पुरेशी वर्षं राहिलेले नाहीत, म्हणून अमेरिकाही आपलं म्हणेना. म्हणजे मूल आहे, पण त्याला देशच नाही!

हा प्रश्न संसदेत लावून धरणाऱ्यांत होत्या ताकाको दोई. कोबे शहरात १९२८ साली जन्मलेल्या. क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात त्या संविधान शिकवायच्या, म्हणून आपण त्यांना दोईबाईच म्हणू. समाजवादी पक्षातर्फे १९६९ मध्ये त्या निवडून आल्या. संविधानात स्त्री-पुरुष समान, मग देश फक्त वडिलांकडूनच का मिळतो? अखेर कायदा बदलला, आणि १९८५ पासून आईकडूनही नागरिकत्व मिळू लागलं.

पुढे बाई पक्षाच्या प्रमुख झाल्या. जपानमधल्या मोठ्या पक्षाची प्रमुख बाई, हे पहिल्यांदाच घडत होतं. (फावल्या वेळात त्या पाचिंको खेळायच्या, म्हणजे यंत्रात पोलादी गोळ्या खटाखट उडवायचा खेळ. संविधानाच्या बाई तिथे रंगलेल्या बघायला मला फार आवडलं असतं!) १९८९ मध्ये तर वरिष्ठ सभागृहानं पंतप्रधानपदासाठी त्यांचंच नाव निवडलं. कनिष्ठ सभागृहानं मात्र तोशिकी काइफू यांना निवडलं. दोन्ही सभागृहांचं जमलं नाही तर कनिष्ठ सभागृहाचं ऐकायचं, असं तिथलं संविधान सांगतं. बाई ज्याचे धडे द्यायच्या, तेच संविधान!

खरी गंमत १९९३ ची. दोईबाई कनिष्ठ सभागृहाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. तिथे अध्यक्षांनी सदस्यांना नावापुढे ‘कुन’ लावून पुकारायची जुनी रीत. जपानी वर्गात मास्तर मुलग्यांना तशीच हाक मारतात. पिकल्या केसांचे मंत्रीसुद्धा ‘कुन’! आणि खऱ्याखुऱ्या मास्तरीणबाई खुर्चीवर बसल्या, तर त्यांनीच ही रीत मोडली. त्या सगळ्यांना आदरानं ‘सान’ म्हणू लागल्या. १९९६ मध्ये त्या खुर्चीवरून उतरल्या, आणि नव्या अध्यक्षांनी लगेच पुन्हा ‘कुन’ सुरू केलं.