लष्करी रायफलचं ‘सिव्हिलियन मॉडेल’ भारतात विकत घेता येतं का? बुलढाण्यात परवाना मागितला तर काय होतं?

इन्स्टाग्रामवर अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानांचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. भिंतीवर एआर-15 आणि एके टाईपच्या रायफली टांगलेल्या असतात, गिऱ्हाईक कागद भरतं आणि बंदूक घेऊन बाहेर पडतं. खाली कमेंटमध्ये मराठीत हमखास प्रश्न असतो, ‘भाऊ, ही सेमी-ऑटोमॅटिक आहे, मग आपल्याकडे लायसन्सवर मिळते का?’

थोडक्यात उत्तर आहे, सामान्य माणसाला नाही. पण त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. अर्धवट माहितीवर विसंबून, किंवा लायसन्सच्या भानगडीत न पडता सीमेपलीकडून ‘सामान’ आणून, तुरुंगात जाणारी पोरं बुलढाणा, जळगाव, अकोला पट्ट्यात कमी नाहीत.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे नेमकं काय?

घोडा दाबून धरला की मॅगझिन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतात, ती ऑटोमॅटिक. एकदा घोडा दाबला की एकच गोळी सुटते आणि पुढची आपोआप चेंबरमध्ये येते, ती सेमी-ऑटोमॅटिक. अमेरिकेच्या लष्कराची एम-16 ऑटोमॅटिक मोडवर चालते, तर दुकानात मिळणारी एआर-15 सेमी-ऑटोमॅटिक असते. दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच. ‘सिव्हिलियन मॉडेल’ म्हणतात ते हेच.

मग आपला कायदा काय सांगतो?

भारतात शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 लागू आहेत. या कायद्यात ‘प्रतिबंधित शस्त्र’ याची व्याख्याच अशी आहे की, चाप दाबलेला असेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत ज्यातून गोळ्या सुटत राहतात ते शस्त्र. एके-47 त्यातच येते. पण इथं थांबून ‘मग सेमी-ऑटोमॅटिक चालेल’ असं म्हणणारे चुकतात.

नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग दिलेत. वर्ग एक (अ) म्हणजे प्रतिबंधित शस्त्रं. वर्ग एक (ब) मध्ये सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रं येतात. आणि एक (क) मध्ये .303 किंवा 7.62 मिमीची लष्करी काडतुसं ज्यात बसतात अशा रायफली येतात, मग त्या सेमी-ऑटोमॅटिक असोत की हाताने बोल्ट ओढायच्या. सैन्याच्या 9 मिमी काडतुसांची पिस्तुलंही याच वर्गात.

म्हणजे पोलीस ठाण्यात अनेक वर्षं दिसणारी साधी थ्री-नॉट-थ्री असो किंवा ईशापूरची एसएलआर, दोन्ही सामान्य परवान्याच्या बाहेर. कायदा इथं बंदूक कशी चालते एवढंच बघत नाही, तर ती कोणती गोळी खाते हेही बघतो. लष्कराचा दारूगोळा बाहेर फुटला तरी तो नागरिकांच्या बंदुकीत बसता कामा नये, हा साधा हिशोब. म्हणूनच सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी .32 चं रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल, .315 ची रायफल अशी वेगळ्या बोअरची शस्त्रं बनवली.

गंमत म्हणजे .32 चं पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिकच असतं. तरी ते चालतं, कारण पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांचा वर्ग तीन (अ) हा सेमी-ऑटोमॅटिकच्या बंधनातून वगळलाय. ‘सेमी-ऑटो म्हणजे बंदी’ हेही म्हणून अर्धसत्यच.

एक (ब) आणि (क) मधल्या शस्त्रांचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाचा. तोही दहशतवाद्यांपासून गंभीर धोका असलेल्यांसारख्या मोजक्या लोकांसाठी. खामगावच्या व्यापाऱ्याला किंवा चिखलीच्या बिल्डरला ‘मला धमकीचा फोन आला’ एवढ्यावर तिथं काही मिळत नाही.

‘घरच्यांच्या सुरक्षेसाठी ठेवली’ हे कारण चालतं का?

महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अभिनेता संजय दत्तचं. 1993 च्या प्रकरणात त्याच्याकडे एके-56 रायफल आणि 9 मिमी पिस्तूल असल्याचा आरोप होता. कुटुंबाच्या सुरक्षेसाठी शस्त्र घेतलं, असं त्याचं म्हणणं. टाडा कोर्टाने दहशतवादाच्या कटातून त्याला मोकळं केलं, पण शस्त्र कायद्याखाली सहा वर्षं दिली. सुप्रीम कोर्टाने मार्च 2013 मध्ये ती पाच वर्षं केली. फेब्रुवारी 2016 मध्ये तो येरवड्यातून बाहेर आला.

पाच वर्षं ही तेव्हाची किमान शिक्षा होती. 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास किमान सात आणि कमाल चौदा वर्षं आहेत. साधं शस्त्र विनापरवाना सापडलं तर दोन ते पाच वर्षं. बेकायदा बनवणं आणि विकणं यासाठी किमान सात वर्षं ते जन्मठेप.

सीमेपलीकडचा ‘शॉर्टकट’

बुलढाण्याच्या उत्तरेला सातपुडा. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुके ओलांडले की मध्य प्रदेश. तिथलं बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी (जळगावचं पाचोरा नव्हे) हे गाव गावठी पिस्तुलांसाठी बदनाम आहे. तिथून शस्त्र घेऊन येणारे सीमेवर पकडले गेल्याच्या बातम्या सतत येतात. यात गिऱ्हाईक बऱ्याचदा विशीतलं असतं. काहींना तर वापरायचंही नसतं, फक्त स्टेटसला फोटो टाकायचा असतो. तो फोटोच पोलिसांना पत्ता देतो.

गावठी कट्ट्याचा दुसरा धोका कोणी सांगत नाही. त्याच्या नळीची कसलीही चाचणी झालेली नसते. कारखान्यात बनलेली नळी जास्त दाबाच्या गोळीने तपासून, शिक्का मारून बाहेर येते. कट्टा चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकतो.

व्हॉट्सॲप किंवा फेसबुकवर ‘होम डिलिव्हरी’ म्हणून येणाऱ्या जाहिरातींचं काय? परवाना न पाहता शस्त्र विकणं हाच गुन्हा आहे, त्यामुळे अशी विक्री कायदेशीर असूच शकत नाही. ॲडव्हान्स पाठवलेल्याला पैसे गेल्याची तक्रार करतानाही आधी ‘मी बंदूक मागवत होतो’ असं सांगावं लागतं. परवानाधारकाने आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची झाली तरी 45 दिवस आधी प्रशासनाला कळवावं लागतं.

कायदेशीर मार्ग कसा आहे?

वय 21 पूर्ण हवं. अर्ज ऑनलाइन भरून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत जातो. वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं, आणि घरात शस्त्र कुलुपात सुरक्षित ठेवू अशी हमीही द्यावी लागते. मग एसपी ऑफिसकडून चौकशी. पोलीस अहवालासाठी नियमात 30 दिवस आहेत, कागदावर तरी. परवाना मिळाला की राष्ट्रीय नोंदणीचा युनिक नंबर मिळतो. एका व्यक्तीला आता जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन चालत. परवाना पाच वर्षांचा असतो.

मिळालेला परवाना काढूनही घेतला जातो. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीडमध्ये बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचं समोर आलं आणि तिथल्या प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. लग्नात हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शेतकरी आणि माजी सैनिकांसाठी

जिल्ह्यात रानडुकरांनी मका, हरभरा उद्ध्वस्त होतो, तेव्हा बंदुकीची मागणी खरी असते. कायद्यात त्याला जागा आहे. पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक किंवा स्वसंरक्षणासाठी 20 इंचांपेक्षा कमी नळी नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे नेहमीची बारा बोअर, यांच्या अर्जाला कायदा तुलनेने सैल आहे. पण परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नाही. डुक्कर मारायचं तर वन्यजीव कायद्याखाली वन विभागाची परवानगी वेगळी.

माजी सैनिकांच्या बाबतीतही एक गैरसमज आहे. पंधरा-वीस वर्षं एसएलआर किंवा इन्सास चालवली म्हणून निवृत्तीनंतर तसली रायफल घेता येत नाही. बँकेत किंवा एटीएमच्या गाडीवर गार्डची नोकरी करायची तर परवाना काढावाच लागतो आणि बंदूक बहुतेक वेळा बारा बोअरचीच असते.

वडिलांच्या नावावरची बंदूक घरात असेल तर तीही आपोआप मुलाची होत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, स्वतःच्या नावावर परवाना काढायचा आणि मगच परत आणायची. जमा केल्याची पावती जपून ठेवा, पुढच्या अर्जाला ती जोडावी लागते.