चौकाची कथा व गावी येणारा पाहुणा

डहाणू-जव्हारकडे येणारा प्रवासी वारली चित्र विकत घेतो, तारप्याच्या नाचाचे छायाचित्र काढतो व परततो. १९७० नंतर जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून हे चित्र भिंतीवरून कागदावर आले आणि जगभर गेले. कथा मात्र घरातच राहिली.

वस्तुतः लग्नाचा चौक ही शोभेची वस्तू नव्हे. सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो भिंतीवर रेखतात. त्यात पालघट देवी असते. लग्नविधी चालविणारी धवलेरी तिची गाणी गाते. चौकावाचून लग्न लागत नाही. ज्यास हे ठाऊक नाही, तो पाहुणा भिंतीपुढे उभा राहून किंमत विचारतो!

म्हणून वारली वस्तीतील शिक्षकांनी ही कथा मुलांकडून त्यांच्याच बोलीत सांगवून घ्यावी. त्या वेळी भाषेच्या चुका काढीत बसू नये. एखाद्या धवलेरीस सन्मानाने शाळेत बोलवावे. परक्यास कोणती कथा सांगावयाची व कोणती नाही, हे मात्र तिने ठरवावे, शिक्षकाने नव्हे. पाहुण्यांपुढे मुलांना नाचविण्याची हौस सोडावी. त्याऐवजी वरच्या वर्गातील मुलांनी त्यांना चित्रातील आकृतींचा अर्थ सांगावा आणि छायाचित्र घेण्यापूर्वी घरधनिणीस विचारावयास लावावे.