फिरते ध्वनिमापन

फिरते ध्वनिमापन म्हणजे सहज हलवता येणारी उपकरणे उघड्या जागी काही तास ते काही आठवडे उभारून तेथील आवाजाची पातळी मोजणे व गरजेनुसार प्रत्यक्ष आवाज ध्वनिमुद्रित करणे होय. रस्ते व रेल्वेची वाहतूक, विमानतळ, कारखाने, बांधकामे, ध्वनिक्षेपक आणि मिरवणुका यांच्या आवाजाची तपासणी बहुतांशी या पद्धतीने होते. अशा मापनातील आकड्याचे मोल उपकरणाच्या किमतीपेक्षा त्याच्या उभारणीवर अधिक अवलंबून असते. चुकीच्या जागी ठेवलेला उत्तम मायक्रोफोनही काही डेसिबलने चुकीचा आकडा देतो आणि तेवढ्या फरकाने तक्रारीचा निकाल बदलू शकतो.

पार्श्वभूमी

शहरातील आवाज रस्त्यावर जाऊन मोजण्याचा मोठा प्रयत्न न्यू यॉर्कमध्ये १९२९ साली नेमलेल्या ध्वनिशमन आयोगाने केला. त्या काळची यंत्रसामग्री एवढी अवजड होती की ती मालमोटारीवर चढवून शहरभर फिरवावी लागली. आज हेच काम एका पेटीत मावणारा संच करतो.

भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार परिसराचे चार वर्ग पाडलेले आहेत. सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र मानली जाते. औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा ७५ व रात्री ७०, व्यापारी क्षेत्रासाठी ६५ व ५५, निवासी क्षेत्रासाठी ५५ व ४५, तर शांतता क्षेत्रासाठी ५० व ४० डेसिबल (ए) ही मर्यादा आहे. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक असल्यास नागरिकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाल्यास ही १० डेसिबलची अट लागू नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून मुंबईसह सात महानगरांत कायमस्वरूपी ध्वनिमापन केंद्रे उभारली आहेत. परंतु स्थिर केंद्र आपल्या जागेपुरतेच बोलते. मिरवणूक किंवा रात्रीचे बांधकाम जेथे असेल तेथे फिरता संचच न्यावा लागतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ गणेशोत्सव व दिवाळीत अशी मापने घेते. पुण्यात विसर्जन मिरवणुकीच्या वेळी लक्ष्मी रस्त्यावरील चौकांमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी अनेक वर्षे ही मोजणी करीत आले आहेत.

मोजली जाणारी राशी

डेसिबल हे घातांकी एकक आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की ध्वनिऊर्जा सुमारे दुप्पट आणि १० डेसिबलने वाढली की दहापट होते. त्यामुळे निरनिराळ्या वेळच्या पातळ्यांची साधी सरासरी काढता येत नाही. नियमांतील मर्यादा समतुल्य ध्वनिपातळीच्या स्वरूपात आहेत. दिलेल्या कालावधीत जेवढी ध्वनिऊर्जा आली तेवढीच ऊर्जा देणारी एकसारखी पातळी, असा तिचा अर्थ. एका तासातील ५९ मिनिटे ५० डेसिबल आणि केवळ एक मिनिट ९० डेसिबल आवाज असेल, तर साधी सरासरी ५१च्या आत राहते. समतुल्य पातळी मात्र सुमारे ७२ डेसिबल येते. म्हणूनच किती वेळ मोजले हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो. काही क्षण मापक हाती धरून दिसलेला सर्वांत मोठा आकडा मर्यादेशी ताडून पाहणे ही वृत्तपत्रांतही आढळणारी चूक आहे.

‘ए’ हे भारण मानवी कानाच्या संवेदनशीलतेशी जुळवून घेतलेले असून त्यात खालच्या कंप्रतांचे आवाज फार कमी मोजले जातात. ५० हर्ट्‌झच्या आवाजातून त्यामुळे सुमारे ३० डेसिबल वजा होतात. मिरवणुकीतील ध्वनिभिंतीमुळे खिडक्यांची तावदाने थरथरत असताना ‘ए’ भारित आकडा तुलनेने सौम्य दिसतो, याचे कारण हेच आहे. अशा ठिकाणी ‘सी’ भारित पातळी किंवा कंप्रतापट्ट्यांनुसार वेगळी नोंद घेतल्यास रहिवाशांचा अनुभव आकड्यांत उतरतो. नियमांतील मर्यादा मात्र ‘ए’ भारणातच आहेत.

संचाचे घटक

संचाचा गाभा म्हणजे ध्वनिपातळी मापक. आयईसी ६१६७२ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात त्याचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गाच्या मापकांवरील अचूकतेची बंधने अधिक कडक असून वर्गांमधील फरक मुख्यतः अतिउच्च व अतिनीच कंप्रतांवर आणि तापमानाच्या टोकांवर जाणवतो. याशिवाय मायक्रोफोन व त्याचा पूर्वप्रवर्धक, जोडतार, तिपाई किंवा खांब, स्पंजाचा वातरोधक गोळा, कॅलिब्रेटर, विजेरी आणि जलरोधक पेटी एवढे साहित्य लागते. दीर्घ मुदतीच्या मापनात वारा, पाऊस व तापमान नोंदणारा छोटा हवामान संचही जोडतात. वातरोधकावर बसवलेले काटे शोभेचे नसतात. ते नसल्यास पक्षी त्यावर येऊन बसतात आणि नोंदीत चोचींचे आवाज भरतात.

जागा व उभारणी

भिंतीवरून परावर्तित झालेला ध्वनी मूळ ध्वनीत मिसळतो. मायक्रोफोन भिंतीपासून अर्धा ते दोन मीटरवर असल्यास पातळी सुमारे ३ डेसिबलने आणि भिंतीला अगदी चिकटून असल्यास ६ डेसिबलपर्यंत वाढलेली मिळते. आयएसओ १९९६ प्रमाणकात या स्थितींसाठी दुरुस्त्या दिल्या आहेत, पण त्या वापरण्यासाठी मायक्रोफोन नेमका कुठे होता हे लिहिलेले असावे लागते. १० डेसिबलची अट पूर्ण होते की नाही असा प्रश्न असताना, गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेल्या मापकाची नोंद समोरच्या पक्षाला सहज खोडून काढता येते. शक्य तेथे परावर्तक पृष्ठभागांपासून साडेतीन मीटर किंवा अधिक अंतर राखतात. उंची सामान्यतः जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर असते. बहुमजली निवासी भागात ४ मीटर उंची घेतात.

मापन करणाऱ्याचे शरीरही ध्वनी परावर्तित करते. म्हणून मायक्रोफोन तिपाईवर ठेवून व्यक्तीने दूर उभे राहावे. जोडतार सैल सोडल्यास वाऱ्याने ती खांबावर आपटते आणि तो आवाज नोंदीत शिरतो, म्हणून ती चिकटपट्टीने बांधतात. तिपाईच्या पायांवर वाळूची पिशवी टांगतात. उभारणीनंतर चारही दिशांची छायाचित्रे, भिंतींपासूनची अंतरे आणि घड्याळाची जुळणी यांची नोंद करतात. घड्याळ चार मिनिटे मागे असल्यास ‘रात्री दहानंतर’ या शब्दांनाच बाध येतो.

अंशशोधन

मापनाच्या आरंभी व अखेरीस कॅलिब्रेटर मायक्रोफोनवर बसवून मापक तपासतात. कॅलिब्रेटर १००० हर्ट्‌झ कंप्रतेचा ९४ डेसिबलचा ज्ञात स्वर देतो. ही पातळी एक पास्कल ध्वनिदाबाएवढी असते. या वेळी वातरोधक काढलेला असावा लागतो. दोन्ही तपासण्यांत अर्ध्या डेसिबलपेक्षा अधिक फरक आल्यास मधली सर्व नोंद बाद ठरवण्याचा प्रघात आहे. आठवडाभराची मेहनत त्यामुळे वाया जाऊ शकते, म्हणून दीर्घ मापनात मध्येही तपासणी करतात. पिस्टनफोन या प्रकारच्या साधनाची पातळी हवेच्या दाबावर अवलंबून असते. समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात ती मुंबईच्या तुलनेत दीड डेसिबलच्या आसपास कमी भरते आणि दुरुस्ती करावीच लागते.

ध्वनिमुद्रण

आकडा आवाज किती हे सांगतो, कशाचा हे सांगत नाही. पावसाळ्यात कोकणातील एखाद्या निवासी भागात रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादा केवळ बेडकांच्या आणि रातकिड्यांच्या आवाजानेही ओलांडली जाऊ शकते. ध्वनिमुद्रण ऐकून असे भाग वेगळे काढता येतात.

४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिटचे एकमार्गी असंपीडित ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट, म्हणजे दिवसाला साडेबारा गिगाबाइटच्या जवळपास जागा व्यापते. त्यामुळे ठरावीक पातळी ओलांडली गेल्यावरच मुद्रण सुरू करण्याची सोय वापरतात. त्यात आधीचे काही सेकंदही जपले जातात. आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद ठेवावी लागते, नाहीतर कुजबुज आणि फटाका सारख्याच पातळीवर मुद्रित होतात. मुद्रणाच्या आरंभी कॅलिब्रेटरचा स्वर नोंदवला आणि पुढे प्रवर्धन बदलले नाही, तर नंतरही मुद्रणावरून पातळी काढता येते. रस्त्याकडेला ठेवलेला संच लोकांचे खासगी बोलणेही टिपतो. संबंधित भाग पुसणे व मूळ फायली मोजक्या व्यक्तींच्याच हाती ठेवणे ही काळजी घ्यावी लागते.

हवामान व वीज

वारा मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळून आभासी आवाज निर्माण करतो. सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यातील नोंदी सामान्यतः वगळतात. पावसाचे थेंब वातरोधकावर वाजतात, शिवाय ओल्या रस्त्यावर टायरांचा आवाज वाढतो. दमट हवेत पडद्यावर बाष्प जमल्यास चुरचुर ऐकू येते; यासाठी पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात. दीड वॅट वीज खाणारा संच सात दिवसांत २५२ वॅट-तास वापरतो. १२ व्होल्टची शिसे-आम्ल विजेरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये असे धरल्यास ४२ अँपिअर-तासांची विजेरी लागते. ती वजनदार असल्याने सौर पटल जोडण्याकडे कल असतो. मात्र पावसाळ्यात त्यावर विसंबून चालत नाही.

पार्श्वभूमीचा आवाज

तक्रारीतील स्रोत बंद असतानाही मापन करणे आवश्यक असते. स्रोत चालू असतानाची पातळी ६० आणि बंद असतानाची ५४ डेसिबल असेल, तर एकट्या स्रोताची पातळी ५८.७ डेसिबल ठरते. दोहोंतील फरक १० डेसिबलहून जास्त असल्यास दुरुस्तीची गरज नसते. तो ३ डेसिबलहून कमी असल्यास स्रोताची पातळी खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी आजूबाजूची वाहतूक ओसरल्यावर, बहुधा पहाटे, मापन पुन्हा घेतात.

भ्रमणध्वनीवरील ॲप

भ्रमणध्वनीतील ध्वनिमापक ॲप प्राथमिक अंदाजापुरती उपयोगी पडतात. निरनिराळ्या फोनांचे मायक्रोफोन व आज्ञावली भिन्न असल्याने शेजारी ठेवलेले दोन फोनही वेगवेगळे आकडे दाखवू शकतात, आणि मोठ्या आवाजात त्यांचा मायक्रोफोन संपृक्त होतो. मात्र वेळ, ठिकाण आणि कालावधी नीट लिहून ठेवलेल्या अशा नोंदींवरून प्रमाणित संच कुठे व कधी उभारावा हे ठरवता येते.