आठवडाभराचे सिनेमे, एका नगरचे

अकोळनेर अहिल्यानगरच्या केडगावहून जवळच. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ची गोष्ट त्याच गावात घडते. त्यामुळे केडगावातल्या सिनेमावेड्याने आठवडाभर निरनिराळे सिनेमे पाहायचे ठरवले, तर काय पाहावे हा प्रश्नच पडू नये. शिवाय अहिल्यानगरने, म्हणजे लोकांच्या तोंडातल्या नगरने, त्याच्यासाठी बरेच काही राखून ठेवले आहे.

पहिली जोडी दोन पोलिसांची. व्ही. शांताराम यांच्या ‘माणूस’मध्ये (1939) हवालदार गणपत झाला आहे शाहू मोडक. नगरच्या ख्रिस्ती घरात 1918 साली जन्मलेला हा नट ‘माणूस’नंतर पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर झाला आणि घराघरांत पोचला. धाडीत भेटलेल्या मैनेला गणपत बदनाम वस्तीतून बाहेर काढू पाहतो. त्याचा चांगुलपणा खरा आहे, तरी तो पुरा पडत नाही.

दुसऱ्या दिवशी लगेच गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ (1983) लावावा. इथे वर्दीत ओम पुरीचा वेलणकर आहे आणि नगरचा माणूस उभा आहे समोरच्या बाजूला. सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी आवाज चढवत नाही, धावपळ करत नाही, बसल्या जागेवरून बोलतो आणि अंगावर काटा आणतो. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. गणपतच्या गोष्टीत माणूस हरतो तो समाजाच्या नजरेपुढे. वेलणकरच्या गोष्टीत गुन्हेगार आणि राजकारण यांचे साटेलोटे त्याला आतून पोखरते. चव्वेचाळीस वर्षांत पडद्यावरच्या पोलिसाचे काय झाले, हे एकेकटा सिनेमा पाहून इतके लख्ख दिसत नाही.

मधे अमरापूरकरांचाच ‘सडक’ (1991) पाहायला हरकत नाही. तोच नट इथे महाराणी होऊन भडक रंगात येतो.

मग ‘फँड्री’. शाळकरी जब्या घरच्यांसोबत डुक्कर पकडतो आहे. शाळेजवळ ते हाताशी येते, तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थबकतो, घरचेही थांबतात, डुक्कर निघून जाते. जातीवर एवढे नेमके दृश्य मराठी सिनेमात क्वचितच झाले असेल. मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकले. ‘पिस्तुल्या’ हा लघुपट त्यांनी तिथेच केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. श्रीगोंद्याकडचे भाऊराव कऱ्हाडेही त्याच कॉलेजचे. जमीन विकून त्यांनी मेंढपाळ कुटुंबाचा ‘ख्वाडा’ केला. त्यात बाळूला कुस्ती हवी आहे आणि लग्नही, पण मेंढरांमागच्या भटकंतीत दोन्ही लांबत जाते. ‘फँड्री’नंतर तो पाहिला की एकाच मुलुखातली गावकूस आणि माळरान शेजारी शेजारी उभी राहतात.

अशा जोड्या मोबाइल सुचवत नाही, तो पाहणाऱ्याच्या आवडीचेच पुन्हा पुन्हा पुढे करतो. तेव्हा येत्या आठवड्यात वाचकांनी यादी स्वतः करावी आणि ‘माणूस’, ‘अर्धसत्य’ लागोपाठच्या रात्री पाहावेत.