सुट्टीतली भाषाशाळा: आयर्लंडची आणि बागलाणची

आयर्लंडमध्ये शाळेत आयरिश भाषा शिकावीच लागते. तरी वर्षानुवर्षं शिकूनही अनेक मुलांना ती धड बोलता येत नाही, कारण घरीदारी सगळा कारभार इंग्रजीत. (आपल्या इंग्रजी माध्यमातल्या मराठीची आठवण झाली ना?) त्यावर त्यांनी काढलेला उपाय बघण्यासारखा आहे.

तिथल्या पश्चिम किनाऱ्याकडे डोनेगल, कॉनेमारा, केरी या भागांतल्या काही गावांत आयरिश अजून रोजच्या बोलण्यात आहे. उन्हाळ्यात शहरातली मुलं दोन-तीन आठवडे तिथे जातात आणि बरीचशी गावातल्याच एखाद्या घरी राहतात. सकाळी वर्ग, दुपारी खेळ, रात्री 'केली' नावाचा सामूहिक नाच. इंग्रजी बोलायचं नाही, हा मुख्य नियम. अशी मुलं ठेवून घेणाऱ्या घरांना सरकार पैसेही देतं. मीठ हवं असेल तर ते आयरिशमध्येच मागायचं. भाषा तिथेच पक्की होते.

आता आपल्या नाशिकचं बघा. शहरातल्या कितीतरी मुलांची आजोळं सटाणा, कळवण, मालेगाव, देवळा या पट्ट्यात आहेत. तिथे अहिराणी बोलतात. 'आहे'ला 'शे', 'मला'ला 'माले', मुलगा म्हणजे 'आंडोर', मुलगी म्हणजे 'आंडेर'. आजीला अनेक घरांत 'मोठमाय' म्हणतात. आणि आपण काय करतो? मूल गावाहून आलं आणि 'माले' म्हणालं, की 'नीट बोल' म्हणून टोकतो. शिक्षकही टोकतात, पालकही. मोठमायशी नातवंडं प्रमाण मराठीत, नाहीतर हिंदीत बोलायला लागली की एका पिढीत बोली घरातून जाते. लिखाण थोडं असल्याने ती नंतर पुस्तकातून परत आणणंही अवघड.

आयर्लंडला मुद्दाम जे उभारावं लागलं, ते आपल्याकडे आयतं आहे. अक्षय्यतृतीया तिकडे 'आखाजी' म्हणून साजरी होते. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पितरांसाठी घागर भरतात. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस असतो. झोक्यावरचं गाणं मुलाला एकदा पाठ झालं, की 'ले' आणि 'शे' व्याकरण न शिकवता जिभेवर बसतात. (परीक्षा लांबल्या तर आखाजी हुकते, ही अडचण खरी. तरी बाकीची सुट्टी असतेच.)

शिवाय बागलाणातच साल्हेर आहे, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, 1567 मीटर. 1672 ची लढाई इथलीच, आणि 2025 मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला. किल्ला दाखवायला पायथ्याच्या गावातला माणूस सोबत घ्या आणि त्याला त्याच्या बोलीत सांगू द्या. मधे भाषांतर करू नका.

सुट्टीचा अभ्यास म्हणून मी एवढंच सुचवेन: मोठमायकडून वीस शब्द वहीत आणायचे. भांडी, शेताची अवजारं, पदार्थ, नाती यांचे. प्रत्येक शब्दाखाली ती बोलली तसंच एक वाक्य, आपण 'शुद्ध' न करता. जमलं तर मोबाईलवर तिचा आवाजही घ्या. जूनमध्ये ती वही वर्गात मोठ्याने वाचायची, आणि टोकायचं नाही.