भाजलेली जखम ‘सुकवू’ नका

‘हवा लागू दे, खपली धरली की बरं होईल.’ घरात कुणी भाजलं की हा सल्ला येतोच. दवाखान्यातून हायड्रोजेलचं ड्रेसिंग करून आलेल्याला तर हमखास ऐकावं लागतं, ‘ओलं कशाला ठेवलंय? चिघळेल ना!’ मग ती पारदर्शक पट्टी काढून जखम पंख्याखाली उघडी ठेवतात. किती वेळा सांगायचं, यात पेशंटचं नुकसान होतं!

खपली धरणं म्हणजे बरं होणं नव्हे. नव्या त्वचेच्या पेशी जखमेच्या कडांपासून आणि शाबूत राहिलेल्या केसांच्या मुळांपासून सरकत येतात, आणि सरकायला त्यांना ओल लागते. वर कडक खपली असली की तिच्याखालून वाट काढावी लागते. संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली ‘नेचर’मध्ये डुकरांवरचे प्रयोग मांडले. उथळ जखमा झाकून ओलसर ठेवल्या, तर नवी त्वचा उघड्या जखमांपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने आली. त्या जखमा भाजल्याच्या नव्हत्या, हे खरं. पण भाजलेल्या जखमांवरच्या चाचण्यांचा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेने २०१३ साली आढावा घेतला, त्यातही हायड्रोजेलने जखमा नेहमीच्या उपचारांपेक्षा लवकर भरल्याचं दिसलं. चाचण्या लहान आणि कच्च्या होत्या, हेही त्यातच नोंदवलंय. शिवाय सुकलेलं गॉज ओढून काढताना काय होतं ते पाहा. जाळीत अडकलेली कोवळी त्वचा सोलून येते, रक्ताचे ठिपके उमटतात, पोर किंचाळतं. हायड्रोजेल चिकटत नाही, अलगद उचललं जातं.

जंतूंची भीती मात्र खोटी नाही. भाजून मेलेल्या त्वचेवर ते झपाट्याने वाढतात. म्हणून तर काही हायड्रोजेलमध्ये चांदीचे आयन किंवा पीएचएमबी हे जंतुनाशक घालतात. पण प्रत्येक जेल जंतुनाशक नसतं. साध्या जेलमध्ये बहुतांश पाणीच असतं. चांदी नव्या पेशींनाही त्रासदायक ठरू शकते, त्यामुळे जखम स्वच्छ झाली की डॉक्टर ड्रेसिंग बदलतात. ताप आला, लाली पसरू लागली, तर नुसत्या पट्टीवर विसंबू नका. आणि खूप पाणी सुटणाऱ्या जखमेला हायड्रोजेल चालत नाही, भोवतीची कातडी पांढरी पडून भिजते.

‘अणुकेंद्रातलं जेल किरणोत्सर्गी असतं’ हेही ऐकलंय. साफ चूक. हायड्रोजेलची पट्टी बनवण्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रात गॅमा किरणांनी पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत गुंफल्या जातात, त्यातच पट्टी निर्जंतुकही होते. किरणोत्सर्ग तिच्यात उरत नाही.

हळद, तेल, टूथपेस्ट, बर्फ: काहीही लावू नका. हळदीचं नाव तर जागतिक आरोग्य संघटनेनेच मनाईच्या यादीत घातलंय. भाजल्यावर आधी २० मिनिटं नळाचं वाहतं गार पाणी.

‘दुखत नाही, म्हणजे किरकोळ आहे’ हा सगळ्यांत घातक समज. खोल भाजल्यावर मज्जातंतूंची टोकंच जळतात, म्हणून दुखत नाही. पांढरट, चामड्यासारखी दिसणारी अशी जखम मोठी असेल तर कुठलंही जेल ती भरून काढत नाही, बहुतेक वेळा त्वचारोपणच करावं लागतं. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.